नालीकाठची झाडे लोकांना का नकोशी होतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावांना नगरपंचायती मिळाल्यापासून आमच्या वर्धा जिल्ह्यातही नव्या ले-आऊटमध्ये सिमेंट रोड, दोन्ही बाजूंना पक्की नाली आणि उरलेल्या जागेत गट्टू (सिमेंटचे ठोकळे), हाच विकासाचा ठरलेला नमुना झाला आहे. पूर्वी अंगणात व पडीत जागेत मुरणारे पाणी आता थेट नालीत उतरते आणि रोड उंच झाल्याने खाली गेलेल्या जुन्या घरांत शिरते. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1,000 लिटर पाणी खाली येते. अशी सगळी छपरे एकाच नालीवर सोडल्यावर ती तुंबली तर नवल नाही.

यावर रस्त्याकडेला खोलगट पट्टे ठेवून, त्यांत झाडेझुडपे लावून पाणी मुरवण्याचा उपाय आता सर्वत्र सांगितला जातो. आमच्या वस्तीत असा एक पट्टा झालाही होता. मात्र दुसऱ्या पावसाळ्यात रहिवाशांनीच सह्यांचा अर्ज देऊन तो बुजवायला लावला व आज तिथे गट्टू आहेत. त्यावर ‘लोकांना पर्यावरणाचे काही पडलेले नाही’ असा शेरा सगळीकडे ऐकू येतो. तो मला अन्यायकारक वाटतो.

अर्जावर सही करणाऱ्या अनेक घरांच्या मागे न्हाणीच्या पाण्यावर धोपा (अळू), केळ आणि कर्दळ वाढलेली आहे. सांडपाणी झाडांच्या मुळाशी सोडावे, हे या लोकांना कोणी शिकवण्याची गरज नाही. महालक्ष्म्यांच्या दिवसांत आघाड्यासाठी हीच मंडळी रस्त्याच्या कडा धुंडाळतात, एरवी त्याच आघाड्याला कचरा म्हणतात. मागच्या दारी धोपा वाढला, तर तो कोणी कापायचा हे घरात ठरलेले असते; पट्ट्यातली झाडे मात्र लावून, फोटो काढून झाले की ती कोणाचीच नसतात. ऑगस्टपर्यंत त्या पट्ट्यात तरोटा आणि गाजरगवत कमरेएवढे झाले होते व लावलेली रोपे त्यात शोधूनही सापडत नव्हती. अशा जागेला लोकांनी ‘जंगल’ म्हटले, तर चूक कोणाची?

सापाची भीतीही हसण्यावारी नेऊ नये. ज्या भागात घोणस व मण्यार शेतात नेहमी दिसतात, तिथे दारासमोरचे उंच गवत आईबापांना खपणार नाही. मच्छरांचा आक्षेप अर्धा खरा आहे. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एक-दोन दिवसांत पाणी मुरणाऱ्या पट्ट्यात त्यांची पैदास होत नाही. पण आमचा पट्टा सरळ काळ्या मातीत खोदला होता. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भिजली की फुगून भेगा बुजवते, मग पाणी खाली जाण्याचे नाव घेत नाही. झडीच्या दिवसांत तिथे डबके साचले ते त्यामुळे. तळाशी गिट्टी, वर रेती-मुरूम मिसळलेली माती आणि जास्तीचे पाणी नालीत जायला ठरावीक उंचीवर तोंड, एवढे केले असते तर ही तक्रार उद्भवली नसती.

लोकांची आवड हा विषय परदेशात अभ्यासाचा झाला आहे. इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात जुन्या रुंद रस्त्याचा काही भाग काढून तिथे पावसाचे पाणी घेणारे फुलझाडांचे वाफे करण्यात आले व त्याचा पहिला टप्पा 2016 मध्ये पूर्ण झाला. त्याच देशातील एका पाहणीत, फुलांनी व्यापलेला भाग साधारण 27 टक्क्यांच्या पुढे गेला की ती लागवड लोकांना अधिक आकर्षक वाटते, असे आढळले; साध्या हिरव्या लागवडीजवळ मात्र मनाला स्वस्थता मिळते, असे लोकांनी सांगितले. तिथली झाडे इथे आणण्याचे कारण नाही, पण फुले दिसली की लोक सांभाळून घेतात, एवढे त्यातून घेता येईल.

आपल्याकडे कर्दळ व पावसाळी लिली कडेला लावता येईल. वाळा पाण्यात उभा राहतो आणि उन्हाळाही काढतो, म्हणून तो मध्यभागी योग्य. अडुळसा, निर्गुडी यांना बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत, ही आमच्या गावात लहान गोष्ट नव्हे; बाकी रोपांना पहिली दोन वर्षे काटेरी कुंपण लागेलच. दारांसमोरची लागवड गुडघ्याखाली असावी आणि कडेला दगडी ओळ घालून हातभर पट्टी नेहमी कापलेली असावी, म्हणजे ही जागा मुद्दाम राखलेली आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल.

नगरपंचायतींनी यापुढे असा पट्टा करताना वृक्षारोपणाच्या खर्चासोबत जुलै ते ऑक्टोबरमधील निंदण-कापणीची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी, काम शक्यतो त्याच वस्तीतील महिला बचत गटाला द्यावे आणि तक्रारीसाठी जबाबदार कर्मचाऱ्याचा फोन क्रमांक फलकावर लिहावा. ही तरतूद होणार नसेल, तर पट्टा खोदूच नये. कारण एकदा बुजवलेल्या पट्ट्याच्या वस्तीत दुसऱ्यांदा कोणी जागा देत नाही.

आपला,
एक वाचक, जि. वर्धा