मुखपृष्ठावरचा चेहरा निवडताना

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यार्थी नियतकालिकांच्या मांडणीवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. मजकूर, शीर्षके आणि रंगसंगती यांचा त्यात सविस्तर विचार आहे. छायाचित्रांची निवड मात्र एका वाक्यात आटोपली आहे. विद्यार्थ्यांच्या पॉप संगीत मासिकाचे काम काही वर्षे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की अंक बहुतेकदा फसतो तो याच टप्प्यावर.

वर्गातल्याच एखाद्या मुलीला गायिका म्हणून उभे करून मुले शे-दीडशे छायाचित्रे काढतात आणि ती मोबाइलच्या पडद्यावर एकामागून एक सरकवत ‘यात छान दिसते’ एवढ्याच निकषावर निवड करतात. पण छान दिसणारे प्रत्येक छायाचित्र मुखपृष्ठाला उपयोगी पडतेच असे नाही. डोके चौकटीच्या वरच्या कडेला टेकलेले असेल, तर मासिकाचे नाव केसांवर चढते, ते वाचता यावे म्हणून अक्षरांना जाड कडा द्यावी लागते, आणि शेवटी चेहरा व नाव दोन्ही एकमेकांशी भांडू लागतात. म्हणून निवडीला बसण्यापूर्वी नाव, मुख्य मथळा आणि बाजूच्या ओळी यांचा कच्चा आराखडा तयार ठेवावा आणि प्रत्येक छायाचित्र त्याखाली सरकवून पाहावे. तसे केले की आधी बाजूला टाकलेल्या छायाचित्रांतूनच हवे ते सापडते, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

दुसरा मुद्दा नजरेचा. मुखपृष्ठावरील व्यक्तीने सरळ कॅमेऱ्यात पाहिले की वाचकाला आपल्याकडेच पाहिल्यासारखे वाटते, हे मुलांना ठाऊक असते; पण ती नजर काय सांगते याचा विचार होत नाही. १९८० साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘आय-डी’ या फॅशनच्या मासिकाने मुखपृष्ठावर एक डोळा मिटलेला किंवा झाकलेला दाखवण्याची प्रथा वर्षानुवर्षे पाळली, कारण त्या नावाची इंग्रजी चिन्हमुद्रा आडवी फिरवली की डोळा मिचकावणारा चेहरा दिसतो. तिथे डोळा मिचकावण्याला अर्थ आहे. आपल्या मुलांनी तीच ढब उचलली आणि आतल्या मुलाखतीत गायिका एकाकीपणाबद्दल बोलत असली, तर वाचकाला पान उलटताच विसंगती जाणवते.

तांत्रिक बाब थोडक्यात सांगतो. चांगल्या छपाईसाठी प्रति इंच ३०० पिक्सेल धरले, तर ए-फोर आकाराच्या पूर्ण पानाला सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेलचे छायाचित्र लागते. १२०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र त्या हिशेबाने अवघे ४ इंच भरते. जोडपानावर चेहरा मधल्या घडीत जाणार नाही, एवढेही आधीच पाहावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मॉडेलची संमती. छायाचित्र काढू देणे म्हणजे कोणतेही छायाचित्र छापू देणे नव्हे. एका अंकाच्या वेळी संपादक मंडळाने मनमोकळे हसतानाचे छायाचित्र एकमताने निवडले होते. छपाईपूर्वी ते त्या मुलीला दाखवले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘दातांवरून मला नेहमी चिडवतात, हे नको.’ दात सॉफ्टवेअरने सरळ करू, असे कोणीतरी सुचवले. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. मग तिनेच पुन्हा सगळी छायाचित्रे पाहून गिटारच्या तारा लावताना, कोणाचे लक्ष नसताना टिपलेले एक निवडले. त्यात ती कॅमेऱ्याकडे पाहत नसल्यामुळे ते मुखपृष्ठावर गेले नाही, पण मुलाखतीच्या जोडपानावर त्याने जे साधले ते आमच्या निवडीने साधले नसते. मुखपृष्ठासाठी आम्ही तिच्यासह पुन्हा एकदा छायाचित्रे काढली.

पुढे या विषयावर लेख छापाल, तेव्हा निवडलेल्या छायाचित्राशेजारी नाकारलेली दोन-तीनही, अर्थात संबंधितांच्या परवानगीने, कारणांसह छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक