मोठीमाय, तुझ्यामुळं आमच्या आंगणात बाराही महिने फुलं आहेत

मोठीमाय,

तुझा चष्मा अजून दुरुस्तीलाच पडला आहे म्हणून हे पत्र तुला माझी मोठी पोरगीच वाचून दाखवेल, पण मी हे सगळ्यांसमोर लिहून राहिलो, कारण आपल्या यवतमाळकडच्या घाटंजी-पांढरकवडा भागातले जे पोट्टे पुण्या-मुंबईकडं गेले त्यांनाही कळू दे की भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एका बाईनं आमच्या घरासाठी काय केलं ते. तोंडावर आभार मानले असते तर तू "चाल, मोठा आला" म्हणून निघून गेली असती हे मला माहीत आहे.

आई गेल्यावर आमच्या घरातले सण काही बंद पडले नव्हते, पूजा व्हायची, पुरण शिजायचं, पण दोन सणांच्या मधलं जे असते ना, संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या तोडून ओल्या फडक्यात ठेवणं, होळीच्या आधी पळसाची फुलं आणून वाळवणं, हेट्याची, म्हणजे हादग्याची, फुलं निघाली की त्यांची भाजी, हे सगळं आईच्या हातात होतं आणि तिच्यासोबतच गेलं. बायकोची नोकरी तालुक्याला, सकाळच्या एस्टीनं जाते ती दिवे लागल्यावर येते, मी वावरात, आणि दोन्ही पोरी शाळेतून आल्या की घरात मोबाईल घेऊन बसलेल्या. तेव्हा तू भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काऊन रे, पोरीयले घरातच कोंडून ठेवतं का?" आणि उत्तराची वाट न पाहता आमच्या आंगणात आली.

पहिले तू मोगरा धरला. आईचा तो मोगरा नुसता पाल्यानं माजला होता, कळी औषधालाही नव्हती. थंडी ओसरायच्या टाईमला तू त्याचं पाणी तोडलं, पानं ओरबाडून काढली, जुन्या फांद्या छाटल्या, बुडाशी माती खुरपून शेणखत टाकलं आणि मगच पाणी सुरू केलं. कळी नव्या फुटीवरच येते हे तू पोरींना फांदी हातात देऊन दाखवलं, मलाही ते तेव्हाच कळलं. पाण्याचीही शिस्त तूच लावली, डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी मोगऱ्याला, न्हाणीचं साबणाचं पाणी केळीला, कारण मे महिन्यात आपल्याकडं नळाची वाट पाहावी लागते आणि फुलासाठी पिण्याचं पाणी ओतणं तुला कधीच पटलं नाही. गुढीपाडव्यापासून जो बहर लागला तो उन्हाळाभर. आता दिवस बुडायच्या वेळी पोरी टपोऱ्या पांढऱ्या कळ्या तोडतात, दोन-चार माठात टाकतात, बाकीच्या वाटीत घालून कूलरच्या पुढं ठेवतात, आणि जेवणं होईपर्यंत त्या उमलतात. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला असते, दिवसभर उन्हानं भिंती तापलेल्या असतात, बायको थकून आलेली असते, अन तो वास घरभर फिरला की ती पहिले केसात दोन फुलं खोवते आणि मग चहा मांडते. मोठीमाय, त्या अर्ध्या तासासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे.

पळसाचं तर गावातल्या सगळ्या लेकरांनीच तुझे आभार मानले पाहिजेत. फेब्रुवारी-मार्चात आपल्याकडं वावराच्या धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर पळस लाल-केशरी होऊन उभा राहते, पानं झडलेली, नुसती फुलं, साळुंक्यांचा नुसता कल्ला, आणि आपण मोटरसायकलवरून तसंच निघून जातो. तू लेकरांची फौज घेऊन गेली, खाली पडलेली फुलं डाल्यात भरून आणली, सावलीत वाळवली, होळीच्या रात्री मोठ्या गंजात उकळली आणि त्यात चिमूटभर चुना टाकला तसा पिवळा रंग गडद केशरी झाला, लेकरं ओरडलीच. त्या वर्षी आमच्या गल्लीत बाजारातला रंग फारसा कोणी आणला नाही. लहानीला बाजारातल्या रंगानं अंगावर पुरळ यायचं, पळसाच्या पाण्यानं तिला काही झालं नाही, ती दिवसभर भिजलेली होती.

मोहफुलाला पहाटे जायचं हेही तुझंच. मोहाची फुलं अंधारातच टपटप गळायला लागतात, ऊन चढायच्या आत वेचून घ्यावी लागतात. काही लोक वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात आणि त्याच्यानंच उन्हाळ्यात जंगलाला आगी लागतात, तू मात्र पोरींच्या हातात खराटा दिला आणि पाला झाडून बाजूला करायला लावला. वाळवलेल्या फुलांचे लाडू तू केले ते माझ्या पोरींनी शाळेत नेऊन वाटले आणि मास्तरीणबाईंनी रेसिपी मागवली, ती तू अजून दिली नाही, देऊन टाक बाई एकदाची.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट कपाशीची आहे. मी कापूसवाला माणूस, माझ्या पोरी कापसाच्या घरात वाढल्या, आणि त्यांनी कपाशीचं फूल कधी नीट पाहिलंच नव्हतं, मीच कधी दाखवलं नव्हतं म्हणा, मला फूल म्हणजे पात्या, म्हणजे कळ्या, किती लागल्या, गळ किती झाली एवढाच हिशोब. तू त्यांना वावरात आणलं आणि सकाळी उमललेल्या फिकट पिवळ्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधायला लावला. दुसऱ्या दिवशी पोरी धावत गेल्या तर तेच फूल गुलाबी झालेलं. त्यांचा विश्वास बसेना, मग आणखी फुलांना दोरे, मग रोज सकाळी शाळेच्या आधी वावरात चक्कर, आणि असं पाहता पाहता लहानीनं मला एक फूल दाखवलं, "बाबा, हे उमललंच नाही, पाकळ्या चिकटून राहिल्या." ती डोमकळी होती मोठीमाय. गुलाबी बोंडअळीची अळी आत बसते अन पाकळ्या जाळ्यानं शिवून घेते, तीच. मग आम्ही तिघांनी मिळून त्या ओळीतल्या सगळ्या डोमकळ्या तोडल्या, नष्ट केल्या, वासानं नर पतंग ओढून धरणारे कामगंध सापळे लावले. मी इतक्या वर्षांपासून शेती करून राहिलो पण फूल आवडून पाहणाऱ्याची नजर किती बारीक असते हे मला त्या दिवशी दिसलं. आता त्या दोघी माझ्यापेक्षा आधी सांगतात कपाशीच्या कोणत्या ओळीत काय चाललं आहे.

जवसाची निळी फुलंही त्यांनी तुझ्याच वावरात पाहिली. आता आपल्याकडं जवस पेरते कोण, तू चटणीपुरता हरभऱ्याच्या कडेनं टाकते तेवढाच. सकाळी सगळा पट्टा निळा असतो आणि दुपारपर्यंत पाकळ्या खाली, म्हणून रविवारी सुद्धा त्यांना लवकर उठवायची गरज पडली नाही. अंबाडीच्या लाल बोंडांचं शरबत, मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, फुलांची भाजी, पोळ्याच्या करीला दारात पळसाच्या फांद्यांचे मेढे, पारिजातकाचा सडा, किती लिहू, बोटं दुखतील.

भुलाबाईचं मात्र लिहितोच. भुलाबाई म्हणजे मातीच्या शंकर-पार्वतीपुढं पोरींनी महिनाभर गाणी म्हणायचा आपला सण, पण आमच्या गल्लीत भुलाबाई बसणं बंदच झालं होतं, पोरी कमी, शाळा-ट्यूशन, आणि गाणी येणाऱ्या बाया एक-एक करून गेल्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेला तू नदीकाठची माती आणून स्वतःच्या हातानं भुलाबाई अन भुलोजी केले आणि माझ्या घरी आणून बसवले, तुझ्या नाही, माझ्या. म्हणाली, "माह्या घरी कोन येईन, पोरी तं तुह्या घरी हायेत." कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या ओसरीत पोरी गोळा व्हायच्या, गुलबक्षी, तेरडा, झेंडू, ज्याच्या घरी जे असेल ते घेऊन, तू गाणं सांगायची, त्या टिपऱ्या वाजवत मागं म्हणायच्या, मग झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. भिजलेले शेंगदाणे, कधी काकडी, कधी शंकरपाळे, डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, आणि ओळखता आलं नाही की एकच दंगा. बायको त्या दिवसांत पळत-पळत एस्टी गाठायची कारण तिला गाण्याच्या वेळेला घरी पोचायचं होतं. ती माहेरी भुलाबाईत वाढलेली, तिला सगळी गाणी येतात हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर समजलं, आणि आमच्या आईनं म्हटलेली काही गाणी तुला अजून पाठ आहेत हे पण. ती गाणी आईच्याच चालीवर माझ्या पोरींच्या तोंडून ऐकली, त्यावर मी जास्त लिहू शकत नाही.

मोठीमाय, तू कधी म्हटलं नाही की मी तुमची मदत करून राहिली. तू फक्त दुपारचं काम उरकून येत गेली, कधी टोपल्यात फुलं, कधी नुसती खुरपी घेऊन. तुझे गुडघे दुखतात, आमच्या दाराच्या दोन पायऱ्या तुला जड जातात, तिथं मी कठडा लावून घेतला आहे, तुला सांगितलं नव्हतं, धरून पाहा. यंदा मोगऱ्याची छाटणी मी अन पोरी करू, तू बाजेवर बसून सांगायचं, उठायचं नाही.

आणि एक, मागच्या कोजागिरीला भुलाबाईच्या खोपडीसाठी, म्हणजे तिच्या मांडवासाठी, ज्वारीचे धांडे मिळता मिळाले नव्हते, डुकरांच्या त्रासानं ज्वारी पेरणंच सोडलं आहे लोकांनी, तू तीन गावं विचारत फिरली होती. या खरिपात मी विहिरीजवळ ज्वारीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, पेरली आहेत, चारही बाजूंनी जुन्या साड्यांचं कुंपण केलं आहे, ज्वारी पोटरीवर आली आहे, कणीस निघायच्या बेतात. धांडे घरचेच. माती आणायला पोरींना सोबत ने, त्यांना तुझ्याकडून भुलोजीचं नाक करायला शिकायचं आहे, मागच्या वेळी ते वाकडं झालं म्हणून लहानी अजून कुरकुर करते. कोजागिरीचं दूध आमच्याकडं, चारोळी टाकून, साखर तू म्हणशील तेवढी.

तुझा,
भिंतीपलीकडचा पोरगा आणि घरचे सगळे