उस्मान ख्वाजा यांना, दुबईतल्या ३०२ चेंडूंसाठी

प्रिय उस्मान ख्वाजा,
सप्रेम नमस्कार.

सिडनीच्या पश्चिम उपनगरांत शनिवारी सकाळी मुलांचे संघ सांभाळणारे आम्ही काही मराठी प्रशिक्षक. जानेवारी २०२६मध्ये तुम्ही निवृत्त झालात, तेव्हा इस्लामाबादचा जन्म, ऑस्ट्रेलियाचे पहिले मुस्लिम कसोटीपटू, वैमानिकाचं शिक्षण यांवर भरपूर लिहून आलं. आमचे आभार मात्र एका फटक्यासाठी आहेत: रिव्हर्स स्वीप, म्हणजे हात उलटे करून चेंडू नेहमीच्या स्वीपच्या विरुद्ध बाजूला झाडणं.

२०१६मध्ये श्रीलंकेत दोन कसोटींनंतर तुम्हाला वगळलं. २०१७मध्ये भारतात चारही कसोटी तुम्ही बाहेर बसून पाहिल्यात. ‘ख्वाजाला फिरकी जमत नाही’ हा शिक्का पक्का झाला होता. अशा वेळी बहुतेक फलंदाज बचाव आणखी घट्ट करतात. तुम्ही वजन उतरवलंत आणि रिव्हर्स स्वीप घोटलात. ऑक्टोबर २०१८मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध आधी ८५ आणि मग चौथ्या डावात ३०२ चेंडूंत १४१. ४६२ धावांचं लक्ष्य, ३ बाद ८७ अशी अवस्था, तरी कसोटी अनिर्णित राहिली.

तुमच्यासारख्या डावखुऱ्यांची फिरकीपुढची अडचण मुळात बुटांच्या खुणांची. उजव्या हाताचे वेगवान गोलंदाज ओव्हर द विकेट (चेंडू टाकणारा हात स्टंपांच्या बाजूला ठेवून) टाकतात आणि त्यांच्या पायांनी खेळपट्टी उखडते. समोरच्या टोकाकडून पाहिलं, तर ती जागा नेमकी डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपबाहेर येते. तिथून ऑफस्पिनरचा चेंडू बाहेर वळून कड घेतो, लेगस्पिनरचा आत शिरतो. दुबईत बिलाल आसिफ आणि यासिर शाह यांच्या रूपाने तुमच्यासमोर दोन्ही प्रकार होते. पुढे पाय टाकून नुसतं रोखत राहिलं, तर स्लिप आणि सिली पॉइंट हे जवळचे क्षेत्ररक्षक झेलाची वाट बघत बसतात. रिव्हर्स स्वीप बसू लागला, की कर्णधाराला पॉइंटकडे माणूस हलवावा लागतो. मग कव्हरमध्ये एकेरी धाव मिळते आणि गोलंदाजाला टप्पा बदलावा लागतो. त्या फटक्याच्या चार धावांपेक्षा आम्हाला ही एकेरी मोलाची वाटते.

नियमही इथे फलंदाजाच्या बाजूने आहे. ऑफ साइड कोणती, हे गोलंदाज धाव सुरू करतो त्या क्षणीच्या उभं राहण्यावरून ठरतं. नंतर हात उलटे केले तरी ती बदलत नाही. खरा फटका खेळताना चेंडू ऑफ स्टंपच्या रेषेबाहेर पॅडला लागला, तर पायचीत नाही. मुलांना हे सांगितलं, की निम्मी भीती जाते.

इथल्या मुलांच्या खेळपट्ट्या बहुतेक काँक्रीटवर अंथरलेल्या कृत्रिम गवताच्या. चेंडू उसळतो, वळत फारसा नाही. म्हणून स्टंपांपासून साडेतीन मीटरवर, ऑफ स्टंपच्या एक फूट बाहेर काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा चिकटवतो आणि त्यावर जुना चेंडू टाकतो. डावखुऱ्याचा पुढचा, म्हणजे उजवा पाय टप्प्याच्या रेषेजवळ. मागचा गुडघा जमिनीला. डोकं चेंडूच्या वर. बॅट आडवी आणि चेंडू पॅडच्या पुढे भेटलेला. शेवटी मनगटं फिरवायची, नाहीतर चेंडू हवेत जातो.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, हात फार लवकर उलटे होतात. गोलंदाजाला ते दिसतं आणि तो सपाट, वेगवान चेंडू थेट स्टंपांवर सोडतो. दोन, आखूड टप्प्यावर हाच फटका: चेंडू बॅटच्या वरच्या कडेला लागतो आणि झेल उडतो. टप्पा आखूड असेल तर मागे जाऊन कट करायचा. आधीच ठरवून खेळायचा असेल, तर निदान पुढचा पाय चेंडू सुटेपर्यंत हलवायचा नाही, एवढं आम्ही बजावतो. (पालक मात्र ‘आधी सरळ बॅटने खेळायला शिकवा’ म्हणून रागावतात. तेही चूक नाही.)

फटका हाती असूनही थांबता येतं, हे अहमदाबादला दिसलं. मार्च २०२३, खेळपट्टी पाटा (फलंदाजीला सोपी), समोर अश्विन, जडेजा, अक्षर. ४२२ चेंडूंत १८०. त्या दौऱ्याला निघताना तुमचाच व्हिसा अडकला होता आणि तुम्ही संघाच्या मागून भारतात पोहोचलात. असले व्हिसाचे प्रश्न आमच्या घरांत नेहमीचे, म्हणून ती बातमी वाचून हसू आलं आणि चीडही. पुढे २०२५मध्ये गॉलला २३२, वयाच्या ३८व्या वर्षी, ज्या देशात एकदा वगळलं होतं तिथेच.

निर्वासित आणि स्थलांतरित मुलांसाठी तुमची संस्था जे काम करते, त्याबद्दलही आभार. आणि एक विनंती: कधी सवड मिळाली, तर मनगटं नेमकी कोणत्या क्षणी फिरवता, ते बाजूने चित्रित करून दाखवा. टीव्हीचा कॅमेरा समोरून असतो. पकड कधी बदलते यावर आमच्यात अजून वाद आहे.

आपले,
शनिवारच्या संघांचे प्रशिक्षक