शाळेला दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती कशाला?

महोदय,

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हापासून शाळेतल्या जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. सल्ला चांगला आहे. पण कोणती आवृत्ती, हे कोणी सांगत नाही.

उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दर एप्रिल-ऑक्टोबरला नवी आवृत्ती काढते. २००६ साली एप्रिलचा मुहूर्त जूनवर गेला होता, एरवी वेळापत्रक आमच्या रेल्वेला लाजवेल असे. मात्र दीर्घ मुदतीच्या (एलटीएस) दोन आवृत्त्यांच्या मधल्या आवृत्तीची डागडुजी होते फक्त ९ महिने. म्हणजे ऑक्टोबरची आवृत्ती टाकली, तर तिची मुदत जुलैत, ऐन शाळेच्या धामधुमीत संपणार. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काही जीबींचे डाउनलोड. त्यात लाइट गेली (यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली असते), की अर्धवट अपग्रेड झालेला संगणक सुरूच होत नाही.

झटपट आवृत्त्या बंद करा, असे म्हणणे नाही. नव्या लॅपटॉपच्या वायफायला नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) लागतोच आणि चुकाही तिथेच आधी उघड्या पडतात. ते काम हौशी मंडळींनी करावे. मराठवाड्यातल्या शाळांनी दर दोन वर्षांनी येणारी, ५ वर्षे सुरक्षा अपडेट मिळणारी एलटीएस घ्यावी, नाहीतर डेबियन हा लिनक्सचा दुसरा प्रकार. 'तयार होईल तेव्हा देऊ' हा डेबियनचा बाणा, तरी २०२१, २०२३, २०२५ अशा आवृत्त्या आल्याच. शिक्षण विभागाने यातली एक ठरवून तिचे पेनड्राइव्ह प्रत्येक गटसाधन केंद्रात ठेवावेत.

– एक संगणक शिक्षक, परभणी