गाडीच्या एसीचा कुबट वास आणि गॅस भरायची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेपरात वायपर बदला, टायर बघा, ब्रेक तपासून घ्या असं सगळं येतं, पण एसीच्या वासाबद्दल कधी काही दिसत नाही म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त गॅसचा भाग तेवढा ठेवा.

मी धायरीला राहते आणि ऑफिस हडपसरला, म्हणजे रोज नवले पूल, कात्रज, कोंढवा करत जायचं. त्या धुळीत काचा खाली करायचा प्रश्नच नाही, एसी लागतोच. गाडी आठ वर्षांची, सोसायटीत कव्हर्ड पार्किंग नाही, गुलमोहराखाली उभी असते. गेल्या जुलैत आईला दवाखान्यात नेताना एसी लावला तर ती पदर नाकाला लावून म्हणाली, "अगं, गाडीत ओलं पोतेरं विसरलीयस का?" मला खरंच काही कळलं नव्हतं. रोज बसणाऱ्याला दोन मिनिटांत सवय होते हो, नवीन माणूस बसला की लाज जाते. आणि सकाळी गाडीत बसलं की शिंका का येतात हे तेव्हा कुठे डोक्यात आलं.

सर्व्हिस सेंटरला नेली. कोणतं ते लिहीत नाही, कारण ओळखीत विचारलं तर बऱ्याच जणांना हाच अनुभव आलाय. गाडी आत जायच्या आधीच निदान तयार, "मॅडम, गॅस कमी झालाय." गॅस भरला, वर एसी डिसइन्फेक्शन नावाची एक ओळ, दोन्ही मिळून सव्वातीन हजार. दोन दिवस लिंबाचा वास, तिसऱ्या दिवशी लिंबू लावलेलं पोतेरं!

आता इथे जरा थांबून सांगते. गॅस बंद पाइपमध्ये फिरत असतो, आपण जी हवा खातो तिच्यात तो मिसळतच नाही. गॅस कमी झाला तर गार हवा कमी होईल, कुबट वास कसा येईल? आणि कमी झालाच असेल तर कुठून तरी गळतोय ना, ते न शोधता नुसता भरून काय उपयोग, पुन्हा जाणारच. माझी गाडी तर मस्त गार करत होती. पण एसीची कुठलीही तक्रार म्हटली की गॅस भरा हे उत्तर आपल्याकडे इतकं पक्कं झालंय की आपणही मान डोलावून पैसे देतो. मीही दिलेच की.

शेवटी आमच्या धायरीतल्या एका छोट्या गॅरेजवाल्या दादांकडे गेले. त्यांनी एसीला हातही लावला नाही, आधी डाव्या सीटसमोरचा ड्रॉवर दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला आणि मागून एक चौकोनी फिल्टर ओढून काढला. मूळचा पांढरा असावा. वरच्या घड्यांमध्ये गुलमोहराची बारीक पानं नुसती गच्च बसलेली, एक कबुतराचं पीस, एका कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या आणि मधोमध ओल येऊन काळे ठिपके पडलेले, लोणच्याला बुरशी धरते तसे. ह्यातून गाळून आलेली हवा मी किती दिवस खात होते देव जाणे. मग विचारलं, "ताई, एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं का?" मी म्हटलं नाही, बरं झालं ना मग? दादा हसले आणि खाली शिरून ड्रेनच्या नळीत हवा मारली तर काळं पाणी भळाभळा रस्त्यावर. डाव्या सीटपुढच्या मॅटखालचं कार्पेट दाबलं तर तेही ओलं.

त्यांनी समजावलं ते असं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला जसा बाहेरून घाम फुटतो तसं डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी जमतं, पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर भरपूरच. ते नळीतून खाली पडायला पाहिजे. नळी तुंबली की आत साचतं, गाडी बंद केली की कॉइल ओलीच राहते, त्यात अंधार, धूळ आणि उबारा, बुरशीला अजून काय हवं. वरून परफ्यूम मारला, कापूर ठेवला तरी ती तिथेच असते. आमच्या शेजाऱ्यांनी फिनेल मारलं होतं, तेही नको, गाडीत बसलेल्याच्या छातीत जाणार ते.

नवीन फिल्टर साडेतीनशेला आला, कॉइलवर फोम मारून तो नळीतून खाली येईपर्यंत वाट बघितली, कार्पेट उचलून दोन दिवस वाळवलं, ते राहिलं असतं तर वास राहिलाच असता. आता घरी पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटन बंद करते आणि नुसता फॅन चालू ठेवते, बाहेरची हवा आत येऊ देते, म्हणजे कॉइल वाळते. धुळीच्या पट्ट्यात आतलीच हवा फिरवायचं बटन लावते पण तिथून बाहेर पडलं की काढते, दिवसभर लावून ठेवत नाही. वायपरखालच्या जाळीतली पानं रविवारी काढते, कारण हवा तिथूनच आत येते. (वास गोडसर असेल आणि काचेवर चिकट वाफ धरत असेल तर मात्र ती बुरशी नाही, इंजिन गार ठेवणारं कूलंट गळत असतं, त्याला गॅरेजच गाठावं.)

माझं म्हणणं एवढंच आहे की सर्व्हिस सेंटरवाल्यांनी वासाची तक्रार आली की आधी जुना फिल्टर काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, नळी मोकळी आहे का ते समोर दाखवावं आणि मग बिलात काय टाकायचं ते टाकावं. मी मागितला तर "मॅडम, गाडी वर आहे, आत येता येणार नाही" असं ऐकवलं. आणि शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी, कॅबवाल्या दादांनीही एकदा तो ड्रॉवर उघडून बघाच, दिवसभर त्याच हवेत बसायचं असतं तुम्हाला आणि पोरांना.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे

ता. क. फिल्टरच्या कडेला बाण असतो, हवा ज्या दिशेने जाते तिकडे तो करायचा. यंदा मीच बदलला आणि उलटा बसवला, आठवडाभर फॅन नुसता घरघर करत होता.