काणकोणच्या दगडाचं वय

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, शेजारच्या विहिरीतून निघालेल्या ग्रॅनाइटचं वय कसं काढतात, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते अर्धवट राहिलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आईने पाठवलेल्या फोटोतला तुकडा मात्र या कामाला पुरणार नाही. त्यातलं फेल्डस्पार हे फिकट खनिज पिठूळ झालंय आणि काळ्या अभ्रकाभोवती गंजाचे डाग दिसतात. आपल्याकडच्या पावसात दगड असाच कुजत जातो. वय सांगणारा झिरकॉन, म्हणजे ग्रॅनाइटमधलं एक बारीक, कणखर खनिज, कुजक्या दगडातही टिकतो, पण दगड कशापासून बनला हे अभ्रक आणि फेल्डस्पारच्या रसायनावरूनही बघायचं असतं आणि तेच तिथं बिघडलेलं असतं. शिवाय मूठभर दगडाने भागत नाही. खोलातून नुकताच निघालेला, साल काढलेला, पाच ते आठ किलो दगड लागतो. पांढरी शीर गेलेला तुकडा नको. ती शीर मागाहून घुसलेली असू शकते.

हा दगड धुऊन, फोडून, दळून पाव मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. मग पाण्यात हलकं वाहू देऊन जड भाग ठेवतात, चुंबकाने लोहयुक्त कण वेगळे करतात आणि उरलेलं ब्रोमोफॉर्म नावाच्या जड द्रवात टाकतात. त्याची घनता सुमारे 2.9. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार तरंगतात, 4.6 घनतेचा झिरकॉन तळाशी बसतो. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दगड फोडायच्या यंत्रात. आधीच्या दगडाचा एखादा कण जबड्यात अडकून राहिला, तर भलतंच वय आपल्या दगडाच्या नावावर लागतं. म्हणून दर नमुन्याआधी यंत्र घासून, हवेच्या झोताने साफ करावंच लागतं.

तळाशी चिमूटभर कण मिळतात, एकेक साधारण दशांश मिलिमीटरचा. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने ते वेचतात. नुसते देखणे, पारदर्शक तेवढेच वेचले तर दगडाच्या इतिहासाचा एक भाग हातचा जातो. वेचलेले कण राळेत बसवून निम्म्यापर्यंत घासतात, म्हणजे त्यांचा गाभा उघडा पडतो. इलेक्ट्रॉनचा झोत सोडला की त्यात कांद्यासारखे पापुद्रे उजळून दिसतात. मग लेझरने कणाचा बारीक ठिपका उडवून तो यंत्रात मोजतात, पण हे चित्र बघितल्याशिवाय लेझर मारूच नये, असं माझं ठाम मत आहे. मधे जुन्या दगडातून आलेला गाभा असतो, भोवती या ग्रॅनाइटच्या वितळलेल्या रसातून वाढलेला थर, कधी बाहेर नंतरच्या उष्णतेत चढलेली कड. लेझरचा खड्डा 20–30 मायक्रॉनचा. तो गाभा आणि थर या दोन्हींवर पडला, तर येणारा आकडा कुठल्याच घटनेचा नसतो.

झिरकॉन वाढताना युरेनियम आत घेतो, शिशाला जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज आत सापडणारं शिसं बहुतेक युरेनियमपासूनच झालेलं असतं. युरेनियम-238 निम्मं व्हायला सुमारे 447 कोटी वर्षं लागतात, युरेनियम-235 ला 70 कोटी. पहिल्यापासून शिसं-206 बनतं, दुसऱ्यापासून शिसं-207. एकाच कणात दोन घड्याळं, म्हणून ती जुळतात का ते तपासता येतं. जास्त युरेनियमच्या कणाची जाळी किरणोत्साराने मोडते, तिथून शिसं झिरपतं आणि दोन वयं जुळत नाहीत. गोव्यातल्या इतक्या जुन्या दगडांसाठी शिशाच्या 207 आणि 206 या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या प्रकारांच्या) गुणोत्तरावरचं वय जास्त भरवशाचं.

आपल्या भागाची जुनी वयं वेगळ्या पद्धतीची आहेत. अनमोड घाटातल्या ट्रॉन्जेमाइट नाइसचं (ग्रॅनाइटसारख्या, दाब-उष्णतेने पट्टेदार झालेल्या दगडाचं) वय 340 कोटी वर्षं, 14 कोटी इकडेतिकडे. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगराच्या ग्रॅनाइट नाइसचं 265 कोटी, 10 कोटी इकडेतिकडे. दोन्ही रुबिडियम-स्ट्रॉन्शियमवरून (रुबिडियमचं हळूहळू स्ट्रॉन्शियम होतं त्यावरून), अख्ख्या दगडाची पूड घेऊन काढलेली. डायनासोर जाऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, इथं नुसती चूकभूलच त्याहून मोठी! त्यात रुबिडियम अभ्रकात आणि पोटॅश फेल्डस्पारमध्ये बसतं, आणि मागाहून गरम पाणी फिरलं की हलतं. म्हणून कुणी ‘या दगडाचं वय अमुक’ म्हणालं की आधी विचारा, कशाचं? झिरकॉन रस गोठल्याची वेळ सांगतो. काळ्या अभ्रकात पोटॅशियमपासून साठत गेलेला आर्गॉन वायू दगड साधारण 300 अंशांखाली थंड झाला त्याची वेळ सांगतो. एकाच दगडात या दोन वेळांमध्ये कोट्यवधी वर्षांचं अंतर असू शकतं.

आता दगड आला कुठून? त्याच झिरकॉनमधल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या समस्थानिकांचं मोजमाप दर हजारी 5.3 च्या आसपास आलं, तर रसाचा उगम पृथ्वीच्या प्रावरणाशी, म्हणजे कवचाखालच्या थराशी जुळतो. साडेसहाच्या वर गेलं, तर पूर्वी भूपृष्ठावर पाण्याशी संबंध आलेला गाळ वितळून त्यात मिसळलेला असावा. झिरकॉनमधल्याच हाफ्नियम या धातूच्या समस्थानिकांवरून कळतं की रस प्रावरणातून नवा आला की जुनं कवच पुन्हा वितळलं. यंत्राशिवायही थोडं कळतं. हॉर्नब्लेंड आणि स्फीन ही खनिजं दिसली तर मूळ बहुधा अग्निजन्य, पांढरं अभ्रक आणि गार्नेट दिसले तर गाळाचं. चॅपल आणि व्हाइट या भूवैज्ञानिकांनी 1974 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅनाइटवरून हा भेद मांडला. पण पांढरं अभ्रक मागाहूनही तयार होतं, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नये.

बाबा, घण तुम्ही मारू नका, खाणीवरच्या कामगाराला सांगा. पिशवीवर नुसतं ‘काणकोण’ न लिहिता वाडा, खोली आणि तारीख लिहा. आणि आई, ती पिशवी किनाऱ्याच्या वाळूत टेकवू देऊ नकोस. त्या वाळूतही झिरकॉन असतो.

तुमची,
लेक