चार-तीनची रात्र

प्राग
३० मार्च २०२५

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जिवाला बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

मॉन्ट्रियलच्या आईस हॉकी सामन्यात कॅनडाच्या प्रेक्षकांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली, त्यावर तू फार चिडलेला दिसतोस. ‘खेळात राजकारण कशाला आणतात ही माणसं?’ असं विचारलं आहेस. राष्ट्रगीताच्या वेळी ओरडणं मलाही पटत नाही. पण तुझा प्रश्न मात्र मला इथे राहायला आल्यापासून तितका सोपा वाटत नाही, आणि त्याला कारण १९६९ सालचा मार्च महिना.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रशिया आणि त्याच्या मित्रदेशांच्या फौजा रणगाडे घेऊन चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, हे आपण शाळेत दोन ओळींत वाचलं होतं. दुब्चेक या नेत्याने लोकांना थोडं मोकळं बोलू दिलं, वर्तमानपत्रांना थोडं मोकळं लिहू दिलं, एवढाच गुन्हा. पुढच्या जानेवारीत यान पालाख नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने याचा निषेध म्हणून इथल्या वाक्लाव चौकाच्या वरच्या टोकाला स्वतःला पेटवून घेतलं. त्या जागेवरून मी नेहमी जातो आणि दर वेळी पाय आपोआप मंदावतात.

त्या वर्षीची जागतिक आईस हॉकी स्पर्धा खरं तर प्रागलाच व्हायची होती. देशात परकी फौजा असताना ती कशी होणार? ती स्टॉकहोमला हलवली. म्हणजे बघ, एकही गोल व्हायच्या आधी राजकारण मैदानात शिरलेलं होतं, आणि ते प्रेक्षकांनी आणलेलं नव्हतं.

स्पर्धेत प्रत्येक संघाशी दोनदा गाठ होती. २१ मार्चला चेकोस्लोव्हाकियाने रशियाला २-० हरवलं. सुखी आणि चेर्नी यांचे गोल, आणि गोलात झुरिला भिंतीसारखा उभा. काही खेळाडूंनी जर्सीवरच्या सिंहाच्या डोक्यावरचा, साम्यवादी सत्तेची खूण असलेला लाल तारा चिकटपट्टीने झाकून टाकला होता. सामना संपल्यावर रिवाजाप्रमाणे हस्तांदोलन करायचं असतं, ते त्यांनी केलं नाही. त्या काळी रशियाचा संघ वर्षानुवर्षं जगज्जेता होता, हे लक्षात घे. प्रेक्षकांनी घोषणा केली होती, ‘तुम्ही आम्हांला रणगाडे, आम्ही तुम्हांला गोल’. चेक भाषेत तिला छान यमक आहे.

मग २८ मार्चला दुसरा सामना. ४-३. पुन्हा जिंकले.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. तेव्हा त्या विशीच्या आसपास होत्या. त्या सांगतात की शेवटची शिटी वाजल्यावर घरात कुणी कुणाशी बोललंच नाही, सगळे कोट चढवून सरळ जिन्याकडे धावले. प्रत्येक इमारतीतून असंच. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. वाक्लाव चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक गुंडाळलेली वर्तमानपत्रं पेटवून मशालीसारखी उंच धरत होते आणि ‘चार-तीन! चार-तीन!’ ओरडत होते. भिंतींवरही तेच आकडे खडूने लिहिलेले. देशभरात मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं त्या रात्री बाहेर पडली असं मानतात. सात महिने ज्यांना मोठ्याने काही बोलता आलं नव्हतं, त्यांना ओरडायला एक कायदेशीर कारण सापडलं होतं. हॉकी जिंकली म्हणून आनंद करणाऱ्याला अडवणार कसं?

तुला २०११ आठवतं? धोनीचा षटकार गेला आणि आपण गणपती पेठेतून घसा बसेपर्यंत नाचलो. तसंच होतं ते, फक्त आपल्या गल्लीच्या तोंडाशी कुणाचे रणगाडे उभे नव्हते.

पुढचं सांगताना मात्र वाईट वाटतं. चौकात एरोफ्लोट या रशियन विमान कंपनीचं कार्यालय होतं. त्याच्या समोर दगडांचा ढीग आधीच येऊन पडलेला होता. जमावाने काचा फोडल्या, सामान बाहेर काढून जाळलं. ते दगड गुप्त पोलिसांनीच टाकवले होते असं इथे बहुतेक सगळे मानतात, आणि मलाही ते खरं वाटतं, कारण त्या रात्रीचा फायदा नेमका कुणाला झाला ते उघड आहे. इतर काही शहरांत रशियन सैन्याच्या ठाण्यांवरही लोक चालून गेले. लगेच मॉस्कोहून संरक्षणमंत्री ग्रेच्को येऊन धमकावून गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी वाढली आणि १७ एप्रिलला दुब्चेकना काढून हुसाक यांना बसवलं. मग वीस वर्षं तोंडाला कुलूप, थेट १९८९ मध्ये ती राजवट पडेपर्यंत. ज्यांच्या नावांची नोंद झाली त्यांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांचं शिक्षण अडलं. आजींच्या भावाला पुढे विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही.

आणि स्पर्धेत शेवटी काय झालं? गुणांची बरोबरी होऊन गोलफरकावर रशिया पहिला, स्वीडन दुसरा, हे तिसरे. इथे कुणाला ते ब्राँझ आठवतही नाही. ४-३ मात्र माझ्या ऑफिसातल्या पोरांनाही पाठ आहे, आणि ती तर १९८९ नंतर जन्मलेली.

मी आजींना विचारलं होतं, एवढं सोसावं लागलं, त्यापेक्षा त्या रात्री घरीच थांबला असतात तर? त्या माझ्यावर रागावल्या. म्हणाल्या, ‘ते रणगाडे घरी थांबले होते का?’

१९९८ ला नागानो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात चेक संघासमोर पुन्हा रशियाच होता. स्वोबोदाचा एकमेव गोल, हाशेकने सगळं अडवलं, १-० ने सुवर्णपदक. त्याच संघातला यारोमीर यागर पाठीवर ६८ आकडा घालून खेळतो, तो त्या १९६८ सालासाठी. तेव्हाही लोक रस्त्यावर आले, पण त्या वेळी कुणाला कुणाची भीती नव्हती. गेल्या मे महिन्यात जागतिक स्पर्धा इथेच होती. चेक संघाने स्वित्झर्लंडला २-० हरवलं तेव्हा मी जुन्या शहराच्या चौकात होतो, अनोळखी माणसांच्या गळ्यात हात टाकून उड्या मारत. रशियाचा संघ त्यात नव्हता. युक्रेनवर हल्ला केल्यापासून, २०२२ पासून, त्याला बंदी आहे. आजी ते मला दोनदा सांगून गेल्या.

म्हणून मॉन्ट्रियलच्या त्या लोकांना मी चटकन नावं ठेवणार नाही. ज्याच्या देशाला शेजारचा बलाढ्य राष्ट्राध्यक्ष ‘आमचं एक्कावन्नावं राज्य व्हा’ म्हणतो, त्याने तिकीट काढून आत जाताना ते बाहेर विसरून जावं, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. त्यांनी खेळाडूंवर राग काढला असता, तर मी तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो.

यंदा मे महिन्यात स्पर्धेचे बरेच सामने पुन्हा स्टॉकहोमला आहेत. तुला रजा मिळत असेल तर तेव्हाच ये. आमच्या घरी टीव्हीसमोर आजीही असतात, त्यांच्याशी तू स्वतःच भांड.

वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद. उत्तर लवकर लिही.

तुझा,
अविनाश